वीस वर्षांनी नवं होणारं जुनं देऊळ



जपानहून परत आलो आणि ग्रामसंघाच्या बैठकीत आम्हाला पहिला प्रश्न आला, "एवढ्या लांब जाऊन आलात, तिथला देव कसा दिसतो?" आम्ही सहाजणींनी एकमेकींकडे बघितलं आणि खरं ते सांगून टाकलं. देव दिसला नाही. तिथे तो कुणालाच दिसत नाही. एका पांढऱ्या पडद्यापुढे उभं राहून हात जोडले आणि मागे फिरलो. बैठकीत हशा पिकला. एक मावशी म्हणाल्या, "मग पडदा बघायला गेला होतात होय गं?"

आज त्या मावशींना आणि तुम्हा सगळ्यांना नीट उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही सहाजणी एका अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. खेड्यातल्या बायकांचे छोटे उद्योग बघायचे, असा दौरा होता. त्यातला एक दिवस इसे या गावासाठी ठेवला होता. जपानच्या मिए प्रांतात, समुद्राच्या जवळ हे गाव आहे. आपल्याकडे पंढरपूरचं जे स्थान, तसं तिकडे इसेचं. हिंदी शिकलेल्या एक जपानी ताई आमच्यासोबत होत्या. त्या सांगायच्या आणि आम्ही वहीत लिहून घ्यायचो.

जाताना आमच्या मनात एक बोच होती, तीही सांगतो. आमच्या प्रभागातला एक गट चौदा वर्षं चालला आणि मग सहा महिन्यांत बंद पडला. पैशाची अफरातफर नव्हती, भांडण नव्हतं. हिशोब लिहिणारी एकच बाई होती. ती मुलाकडे शहरात राहायला गेली. रोकडवही होती, कर्जवही होती, इतिवृत्ताची वही होती. त्या वाचून पुढे लिहिणारी कुणी नव्हती. यात चूक आमचीही होती. दर भेटीत आम्ही त्या बाईच्या सुरेख वह्यांचं कौतुक करायचो, आणि तिच्या शेजारी दुसरी कुणी शिकते का, हे एकदाही विचारलं नाही. हे मनात असताना आम्ही इसेला पोचलो.

आधी अन्नाची देवी

जपानमधल्या लोकांच्या जुन्या धर्माला शिंतो म्हणतात. त्याचा कुणी एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही. डोंगर, झाड, नदी, धबधबा, पूर्वज, अशा ठिकाणी देवत्व असतं असं ते मानतात. देवाला ते 'कामी' म्हणतात.

इसेचं देवस्थान म्हणजे एक देऊळ नाही. लहानमोठी मिळून १२५ देवळं आहेत. त्यात मुख्य दोन. आतलं देऊळ म्हणजे नाइकू, ते सूर्यदेवीचं. बाहेरचं देऊळ म्हणजे गेकू, ते अन्न, वस्त्र आणि निवारा देणाऱ्या तोयोउके देवीचं. आणि रीत अशी, की आधी गेकूला जायचं, मग नाइकूला. म्हणजे आधी अन्नाच्या देवीला नमस्कार आणि मग सूर्याला. हे ऐकून आमच्यातल्या आक्का म्हणाल्या, "बरोबरच आहे. चूल पेटल्याशिवाय दिवस कुठं उगवतो?"

गेकूच्या आवारात देवांचं जेवण रोज दोनदा वाढलं जातं, सकाळी आणि संध्याकाळी. हा क्रम सुमारे १५०० वर्षं चालू आहे असं तिथे मानतात. ऊन असो, वादळ असो, नैवेद्य चुकत नाही. त्यासाठी विस्तव काडेपेटीने पेटवत नाहीत. लाकडावर लाकूड फिरवून ठिणगी पाडतात. नैवेद्यात भात, मीठ, पाणी, मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळं आणि तांदळाची दारू असते. तांदूळ देवस्थानच्या शेतातला, भाजी देवस्थानच्या मळ्यातली, मीठ जवळच्याच किनाऱ्यावर तयार केलेलं. वाढायला मातीची साधी भांडी. ती एकदाच वापरतात आणि मग मातीत परत देतात.

गेकूच्या मुख्य देवळाशेजारी आम्हाला एक मोकळी जागा दिसली. देवळाच्याच मापाची, पांढऱ्या-करड्या गोट्यांनी भरलेली. मध्ये एक छोटीशी लाकडी खोपटी, बाकी काही नाही. आम्हाला वाटलं, इथलं देऊळ पडलं असेल. ताई म्हणाल्या, "पडलं नाही. इथे २०३३ साली देऊळ येणार आहे." त्याचा उलगडा पुढे करतो.

पुलावरून सूर्यदेवीकडे

गेकूपासून बसने नाइकूला गेलो. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. तिथे इसुझू नदीवर लाकडी पूल आहे, सुमारे शंभर मीटर लांबीचा. पुलाच्या दोन्ही टोकांना उंच लाकडी कमान. दोन खांब आणि वर आडवी तुळई. अशा कमानीला 'तोरीइ' म्हणतात. कमानीखालून जाताना लोक थांबतात, वाकून नमस्कार करतात आणि मग पाऊल टाकतात. पोलीस नाही, शिट्टी नाही, तरी सगळे उजव्या बाजूने चालत होते.

आत गेल्यावर शिळांच्या पायऱ्या नदीत उतरतात. तिथे वाकून हात धुवायचे, आपल्याकडे चंद्रभागेला करतो तसं. या पायऱ्यांचा दगड १६९२ साली त्या वेळच्या शोगुनच्या, म्हणजे राज्यकर्त्याच्या, आईने दिला असं सांगतात. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत.

मग झाडी सुरू होते. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे. पायाखाली खडी, तिचा करकर आवाज, बाकी शांत. घंटा नाही, लाऊडस्पीकर नाही. आमच्यातल्या मुळशीकडच्या ताईंना लगेच देवराई आठवली. देवाच्या नावाने राखलेलं रान आपल्याकडेही आहे. तिथली काटकी घरी न्यायची नाही, हा नियम आपल्या आजी-पणजींनी पाळला.

शेवटी दगडी पायऱ्या. त्याखाली फोटो काढणं थांबवायचं. वर गेलं की लाकडी कुंपणाचं दार आणि त्यावर पांढरा पडदा. मुख्य देऊळ चार कुंपणांच्या आत आहे. वरचं गवताने शाकारलेलं छप्पर तेवढं लांबून दिसतं. आत मूर्ती नाही. पवित्र आरसा आहे असं मानतात आणि तो कुणी बघत नाही.

आरसा का, त्याची गोष्ट आहे. सूर्यदेवी आमातेरासु. आपल्याकडे सूर्यनारायण, तिकडे सूर्य ही बाई. भावाच्या दांडगाईला कंटाळून ती एकदा गुहेत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. सगळीकडे अंधार झाला. बाकीचे देव बाहेर जमले. एका देवीने असा काही नाच केला की सगळे पोट धरून हसले. आतून आमातेरासुला प्रश्न पडला, मी नसताना हे हसतात कशाला? तिने दार किलकिलं केलं. समोर आरसा धरलेला. आपलंच तेज बघून ती पुढे आली, आणि जगात परत उजेड झाला. ७१२ साली लिहिलेल्या 'कोजिकी' या ग्रंथात ही कथा आहे.

पडद्यापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, परत एकदा वाकायचं. दानपेटी दिसली नाही. ताईंनी सांगितलं, इथे स्वतःसाठी काही मागायची पद्धत नाही. आभार मानायचे. मागणं असेल तर मागच्या बाजूला वेगळं छोटं देऊळ आहे, तिथे जायचं.

आम्ही सहाजणी तिथे उभ्या राहिलो आणि खरं सांगतो, गडबडलो. देवापुढे उभं राहिलं की तोंडात मागणंच येतं. लेकीचं लग्न होऊ दे, पाऊस पडू दे, कर्ज फिटू दे. नवस बोलायचा नाही, तर बोलायचं काय? आक्का बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आभार मानायला लागले तर नावंच संपेनात. सासूचं नाव आलं, मला पहिल्यांदा सही शिकवली त्या अंगणवाडीतल्या बाईंचं नाव आलं." मग आम्ही सगळ्याच गप्प झालो.

देऊळ नवं का करतात?

आता त्या मोकळ्या जागेचं.

इसेचं मुख्य देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात. शेजारी शेजारी दोन सारख्या जागा आहेत. एकीवर देऊळ उभं असतं, दुसरी मोकळी असते. वीस वर्षं भरत आली की मोकळ्या जागेवर हुबेहूब तसंच नवं देऊळ बांधतात. एका रात्री, दिवे मालवून, देवीला नव्या घरात नेतात. मग जुनं उतरवतात आणि ती जागा मोकळी होते. पहिलं असं बांधकाम ६९० साली झालं. ठरवलं होतं सम्राट तेन्मू यांनी. ते गेल्यावर त्यांची राणी जितो गादीवर आली, तिने ते पुरं केलं. ६२ वं बांधकाम २०१३ साली झालं. ६३ वं २०३३ ला होईल आणि त्याचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले. म्हणजे आठ वर्षं आधीपासून तयारी.

बांधकाम कसं असतं, तेही सांगतो. खांब थेट जमिनीत पुरतात, खाली जोतं नाही. वर गवताचं छप्पर. धान्याच्या जुन्या कोठारासारखी घडण. लाकूड हिनोकीचं. सरळ वाढणारं, सुवासिक झाड. एका वेळेला सुमारे दहा हजार झाडं लागतात. नुसतं देऊळच नाही, देवीची वस्त्रं, धनुष्य, तलवारी, आरसे, दागिने असे ७१४ प्रकारचे १५७६ जिन्नसही नव्याने घडवतात.

आमच्या मनात आलं ते तुमच्याही मनात येईल. चांगलं उभं देऊळ उतरवायचं, ही नासाडी नाही का? दगडाचं बांधलं असतं तर हजार वर्षं टिकलं असतं.

ताईंनी दोन कारणं सांगितली. एक, जमिनीत पुरलेला खांब आणि गवताचं छप्पर फार वर्षं टिकत नाही, आणि देवाचं घर कायम ताजं, स्वच्छ असावं असा त्यांचा भाव आहे. दुसरं कारण आम्हाला जास्त भिडलं. देऊळ बांधणारा सुतार विशीत शिकायला येतो. तेव्हा तो रंधा मारतो, लाकडं उचलतो, बघतो. पुढच्या बांधकामाला तो चाळिशीत असतो, तेव्हा मुख्य काम त्याच्या हातात. त्यापुढच्याला तो साठीचा होतो, तेव्हा तो तरुणांच्या पाठीशी उभा राहून चूक दाखवतो. वीस वर्षांच्या ऐवजी शंभर वर्षांनी बांधायचं ठरवलं असतं, तर आधीचं काम हाताने केलेला एकही माणूस जिवंत नसता. दगडाचं देऊळ टिकलं असतं, पण बांधायची कला गेली असती.

नासाडीचं म्हणाल, तर जुनं लाकूड फेकत नाहीत. मुख्य देवळाच्या मोठ्या खांबांच्या पुलाच्या टोकाच्या कमानी होतात. तिथे वीस वर्षं झाली की त्याच लाकडाच्या कमानी जुन्या यात्रामार्गावर, कुवाना आणि सेकी या गावी उभ्या राहतात. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना वाटतात. २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत पडझड झालेल्या देवळांनाही २०१३ नंतर ते मिळालं. आपण जुन्या नऊवारीची गोधडी करतो आणि गोधडी विरली की पायपुसणं, तसंच.

आणि झाडं? एके काळी जवळचा डोंगर तोडून तोडून संपला होता. मग लांबच्या किसो डोंगरातून लाकूड आणावं लागायचं. १९२३ साली देवस्थानने स्वतःच्या जंगलाचा आराखडा केला आणि हिनोकी लावायला घेतली. बेत आहे दोनशे वर्षांचा. जंगल सुमारे ५५०० हेक्टर आहे. २०१३ च्या बांधकामात साधारण पाव हिस्सा लाकूड या जंगलातून आलं. ज्यांनी रोपं लावली, त्यांनी त्यांचा खांब झालेला पाहिला नाही.

मधली सव्वाशे वर्षं

आता मुख्य गोष्ट. ऐकून वाटेल, १३०० वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. तसं नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानात सरदारांच्या लढाया पेटल्या. तिजोरीत पैसा नव्हता. गेकूचं बांधकाम १४३४ नंतर थांबलं, नाइकूचं १४६२ नंतर. शंभर वर्षांहून जास्त काळ देऊळ नवं झालं नाही. पूलही वाहून गेला.

हे पुन्हा सुरू केलं ते काही बायांनी. त्या होत्या बौद्ध भिक्षुणी, इसेमधल्या केइकोइन या मठातल्या. गावोगाव चालत त्यांनी वर्गणी मागितली. आधी पुलासाठी. मग त्यांच्यातल्या सेइजुन नावाच्या भिक्षुणीने देवळासाठी पैसा उभा केला आणि १५६३ साली, १२९ वर्षांनी, गेकू नवं झालं. तिच्यामागून आलेल्या शुयो या भिक्षुणीने काम पुढे नेलं. मोठ्या सरदारांची मदत मिळवली. १५८५ साली दोन्ही देवळं नवी झाली.

यातली एक बाब ऐका. त्या काळी बौद्ध भिक्षू-भिक्षुणींना इसेच्या देवळाजवळ जाऊ देत नसत. त्यांना लांबून, वेगळ्या जागेवरून नमस्कार करावा लागे. ज्या देवळाच्या जवळ उभं राहता येत नाही, त्याच्यासाठी या बाया दारोदार फिरल्या. हे ऐकताना आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठल्या कुठल्या दारांत आपल्याला आत घेतलं नाही, ते प्रत्येकीला आठवलं असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतरही असाच प्रसंग आला. १९४९ चं बांधकाम हरलेल्या, भुकेल्या देशाला जमणार नव्हतं. ते चार वर्षं पुढे ढकललं. पण लोक म्हणाले, निदान पूल तरी करू. १९४९ ला पूल नवा झाला आणि देऊळ १९५३ ला, लोकांच्या देणग्यांतून. तेव्हापासून पूल देवळाच्या चार वर्षं आधी नवा करायचा, असा पायंडाच पडला. जमेल तेवढं केलं, आणि त्याचीच रीत झाली.

इसेची भिशी

मैत्रिणींनो, एक गोष्ट ऐकून आम्ही टाळ्याच वाजवल्या. जुन्या काळी इसेची यात्रा सामान्य शेतकऱ्याला परवडायची नाही. महिना महिना पायी चालायचं, खायचं-राहायचं. मग गावकऱ्यांनी काय केलं? 'इसे-को' नावाची मंडळं काढली. प्रत्येकाने दर वर्षी थोडे थोडे पैसे किंवा धान्य जमा करायचं. मग चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव येईल, त्याने सगळ्या गावाच्या वतीने इसेला जायचं आणि सगळ्यांसाठी देवाचा अंगारा आणावा तशी पवित्र पाटी आणायची. पुढच्या वर्षी दुसऱ्याचं नाव. असं करत करत सगळ्यांची यात्रा व्हायची. ही आपली भिशीच की! फरक एवढाच, की त्या मंडळांत बहुतेक घरचे कर्ते पुरुषच असायचे.

पण बायका काही मागे राहिल्या नाहीत. १७०५, १७७१ आणि १८३० साली अशा लाटा आल्या की घरातल्या सुना, मोलकरणी, पोरं मालकाला न विचारता यात्रेला निघाली. हातात पाण्याचं ओगराळं, तेच यात्रेकरूची खूण. वाटेतल्या गावांनी त्यात पाणी द्यायचं, तांदूळ द्यायचे. १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांहून जास्त माणसं इसेला आली. आणि ज्यांना स्वतः येणं जमलं नाही, त्यांतल्या काहींनी गळ्यात पैशाची पिशवी बांधून कुत्रा पाठवला. वाटेतले लोक त्याला खाऊ घालायचे, पुढच्या गावाला सोडायचे. हे ऐकून आमचा विश्वास बसेना, पण त्या काळच्या चित्रांत असे कुत्रे काढलेले आहेत.

समुद्रात उतरणाऱ्या बाया

दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या तोबा या भागात गेलो. तिथे 'आमा' बाया आहेत. आमा म्हणजे समुद्राच्या बाया. पाठीवर हवेची टाकी न घेता, एका श्वासात बुडी मारायची आणि खडकाला चिकटलेल्या शिंपल्या काढायच्या. साधारण पन्नास सेकंदांत वर यायचं. वर आल्या की श्वास सोडताना शीळ ऐकू येते. कोकणात कालवं काढणाऱ्या बहिणींना हे कष्ट लगेच कळतील. डोक्याच्या फडक्यावर या बाया एका रेषेत काढलेली चांदणी आणि जाळीची खूण शिवतात, संकटापासून राखण म्हणून. त्यांनी काढलेली 'आवाबी' ही मोठी शिंपली इसेच्या नैवेद्याला जाते. कुझाकी या गावात तिच्या पट्ट्या कापून, वाळवून देवस्थानला पाठवतात.

त्यांचा नियम आम्हाला आवडला. आवाबीचं शिंपलं १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर परत समुद्रात सोडायचं. जवळ मोजपट्टी ठेवतात. हवेची टाकी वापरली तर एका दिवसात सगळा खडक रिकामा होईल, हे त्यांना ठाऊक आहे.

शेकोटीच्या खोलीत बसून त्यांच्याशी बोललो. बहुतेक साठी-सत्तरीच्या. मिए प्रांतात १९४९ साली सहा हजारांहून जास्त आमा होत्या, आता पाचशेच्या आसपास राहिल्या आहेत. समुद्री शेवाळ कमी झालं, शिंपल्या कमी झाल्या, मुली शहरात नोकरीला गेल्या. एका आजींना आम्ही विचारलं, तुमच्या मागून कोण? त्या हसल्या, शेकोटीत लाकूड सारलं आणि म्हणाल्या, "एक मुलगी बाहेरगावाहून शिकायला आली आहे. अजून घाबरते. पण येते."

देवळाजवळ वीस वर्षांचा नेम आहे, म्हणून शिकणारा मिळतो. समुद्रावर असा नेम कुणी घातला नाही. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून तासाभरावर. आम्ही परतीच्या बसमध्ये हेच बोलत होतो.

आम्ही परत आल्यावर

तर मावशी, पडदाच बघितला, पण पडद्याशेजारची ती मोकळी जागा जास्त बघितली. पुढचं देऊळ कुठे येणार, हे आधीचं उभं असतानाच ठरलेलं असतं. आमच्या बंद पडलेल्या गटात अशी मोकळी जागा नव्हती.

परत आल्यावर आम्ही आमच्या प्रभागातल्या गटांशी बोलून तीन गोष्टी सुरू केल्या. तुम्हाला पटल्या तर तुमच्याकडेही करून बघा.

पहिली, हिशोब लिहिणारीच्या शेजारी दर बैठकीला एक शिकणारी बसते. पहिले तीन महिने ती नुसती बघते. पुढचे तीन महिने ती लिहिते आणि जुनी बघते. नुसतं "शिकून घे" म्हणून भागत नाही. पेन तिच्या हातात द्यावं लागतं.

दुसरी, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष ठरलेल्या मुदतीने बदलायच्या, काम चांगलं चाललेलं असलं तरी. याला विरोध होतो. "चांगलं चाललंय ते कशाला मोडायचं?" असं म्हणतात. देवळाबद्दल आम्हीही आधी तेच म्हटलं होतं. आणि जुन्या बाईला बाजूला बसवायचं नाही. तिने साठीच्या सुताराचं काम करायचं. शेजारी बसायचं आणि चूक दाखवायची.

तिसरी, बैठकीच्या सुरुवातीला मागण्या वाचण्याआधी एकीने एका माणसाचे आभार मानायचे, नाव घेऊन. हे आक्कांनी सुचवलं. दोन मिनिटं लागतात.

आक्का स्वतः अकरा वर्षं गटाच्या वह्या लिहितात. गेल्या महिन्यात त्यांनी पेन सुनेच्या हातात दिलं. सुनेने कर्जवहीतला हप्ता बचतीच्या रकान्यात लिहिला आणि शेवटी रोकड चाळीस रुपयांनी चुकली. आक्कांना चूक लगेच दिसली होती, ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्या बोलल्या नाहीत. सून पहिल्या पानापासून बेरीज करत बसली. दिवेलागण झाली, दोघीतिघी उठून घरी गेल्या. मग एकदम ती म्हणाली, "आई, सापडलं." आक्कांनी वही पुढे ओढली, तो रकाना बघितला आणि खाली सही करायला पेन परत तिच्याकडेच दिलं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची वही कोण लिहिणार आहे, आणि तिच्या शेजारी कोण बसणार आहे? आम्हाला जरूर कळवा.